व्हेरोनिकाबायचा भोंगा

भोंगा तिसऱ्यांदा वाजला तेव्हा फ्रान्सिस मास्तर नुकते जेवायला बसले होते. पहिला घास तोंडात, दुसरा हातात, आणि शेजारच्या बंगल्यातून अशी किंकाळी उठली की कौलावरची कबुतरं उडाली. मास्तर उष्ट्या हातानेच कुंपणापाशी धावले. बंगल्याच्या उघड्या दारात व्हेरोनिकाबाय उभी होती. लाल लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, काखेत रिकामी पाटी. दोन्ही हातांनी कान गच्च झाकलेले आणि नजर भिंतीवरच्या बटणांच्या डबीवर.

"बंद कर गो ते!" मास्तर ओरडले.

"कान सोडले तर बंद करीन ना!"

शेवटी तिने कान सोडले, दोनदा चुकीचं काहीतरी दाबलं, तिसऱ्यांदा बरोबर दाबलं, आणि वाडी गप्प झाली. फक्त कुत्री भुंकत राहिली.

"व्हेरोनिका," मास्तर म्हणाले, "यापेक्षा चोर आलेला परवडला. तो बिचारा आवाज न करता येतो आणि न करता जातो."

"आकडे बरोबरच दाबले होते मास्तर."

"मग बोंबलला कशाला?"

तेच तर तिलाही कळत नव्हतं.

व्हेरोनिकाबाय भुईगावची. वय साठीच्या पुढे, नक्की किती ते बाप्तिस्म्याच्या वहीत असेल. शाळा दुसरीपर्यंत. सकाळी केळी, अळू, वालाच्या शेंगा घेऊन ती वसई स्टेशनबाहेर बसायची. साडेअकरा वाजले की पाटी संपलेली असो नसो, ती उठायची, टमटम धरायची आणि गावच्या क्रूसनाक्यावर उतरून वाडीतल्या पायवाटेने ॲन्सेल्मच्या बंगल्यावर यायची.

ॲन्सेल्म हा तिच्या मैत्रिणीचा, कॅथरिनचा मुलगा. नोकरी मस्कतला, बायको सालोमी आणि मुलंही तिकडेच. कॅथरिन गेली तेव्हा तिच्या कमरेची किल्ली व्हेरोनिकाबायच्या कमरेला आली. रोज दुपारी घर उघडायचं, खिडक्या मोकळ्या करायच्या, देवाच्या आल्तारापुढे मेणबत्ती लावायची, केळीला पाणी सोडायचं आणि तीन वाजता सगळं बंद करून घरी जायचं. त्याबद्दल केळीचे घड तिचे. एवढाच ठराव.

पण खरं मोल घडांचं नव्हतं. तिच्या स्वतःच्या घरी दोन खोल्या आणि नऊ माणसं. कुणी खोकलं तरी सगळ्यांना कळायचं. त्या घरात तिला दिवसातून शंभर हाका यायच्या: आई, आजी, अगो, ऐकलंस का. बंगल्यात मात्र बारा ते तीन ती एकटी. खिडकीखाली गार लादीवर पाय पसरून बसायची. कधी वाल सोलायची, कधी नुसतीच बसायची. जन्मात तिला असे तीन तास कुणी दिले नव्हते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नातवंडंही सोबत आली असती.

नव्व्याण्णव सालच्या नाताळला ॲन्सेल्म सुटीवर आला, तेव्हा पलीकडच्या गावात एक बंद घर फोडल्याची बातमी ताजी होती. त्याने गोखिवऱ्याहून जितेंद्र नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. तिशीचा, बोलका, साताऱ्याकडचा माणूस. दोन दिवस भिंती पोखरून त्याने दारापाशी बटणांची डबी, हॉलच्या कोपऱ्यात वर एक पांढरा डोळा आणि छपराखाली भोंगा बसवला. मस्कतला बसून भुईगावचं घर राखायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या, असं मास्तर म्हणाले. ॲन्सेल्मच्या बाबतीत उंटाची सोय तरी होती.

जितेंद्रने तिला समजावलं. "मावशी, दार उघडलं की ही डबी पी पी पी करणार. तीस वेळा. तेवढ्यात चार आकडे दाबायचे. दाबले की लाल दिवा जाणार, हिरवा येणार. नाही दाबले तर वरचा भोंगा. जाताना परत तेच चार आकडे, मग पाऊण मिनिटात बाहेर पडून दार ओढायचं."

"पाऊण मिनिट म्हणजे किती?"

जितेंद्रने घड्याळ दाखवलं. तिने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. अंडी उकडायला किती, माशाला मीठ लावून ठेवायचं किती, हे सगळं ती प्रार्थनेवर मोजायची. तिने दाराकडे बघत तीन वेळा 'नमो मरिया' म्हटलं आणि जितेंद्र म्हणाला, "अरेच्चा! बरोबर पाऊण मिनिट."

"मग तसं सांग ना. तीन नमो मरिया. कळलं."

आकडे ॲन्सेल्मचे होते. डबीवरची अक्षरं इंग्रजी, म्हणून तिने ते वाचून नाही तर बोटाने पाठ केले: वरच्या कोपऱ्यात एक, मग तिरकं खाली, मग शेजारचं, मग अगदी खालचं. दोन दिवसांत बोट आपोआप जायला लागलं.

सुनेने सांगितलं होतं, विजेच्या वस्तूला कामापुरताच हात लावायचा. पण जे ते उघडून आत काय आहे ते बघायचं, ही व्हेरोनिकाबायची जुनी खोड. लग्नात आलेलं घड्याळ तिने पहिल्याच आठवड्यात उघडलं होतं आणि त्यातली एक चकती शेवटपर्यंत परत बसली नव्हती. ही डबी उघडायची हिंमत तिला झाली नाही, पण कोपऱ्यातल्या डोळ्याची मात्र तिने पुरती परीक्षा घेतली. आपण हललो की त्यात बारीक लाल ठिणगी पेटते, हे तिने पहिल्याच दुपारी हेरलं. मग ती स्तब्ध बसली. ठिणगी गेली. करंगळी हलवली. नाही पेटली. हात उचलला, पेटली. कोंबडी आत आली, पेटली. पाल भिंतीवरून सरसरत गेली, डोळ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एक दिवस तिने गोधडी डोक्यावरून पांघरली आणि हॉलभर गोगलगाईसारखी सरकली. तेवढ्यात मास्तर कढीपत्ता मागायला खिडकीशी आले.

"काय चाललंय?"

"त्याला दिसते का बघते."

"कुणाला?"

गोधडीतून एक बोट बाहेर आलं आणि वर गेलं. मास्तर कढीपत्ता न घेताच परत गेले.

जानेवारीच्या मध्यावर भोंगा पहिल्यांदा बोंबलला. तिला वाटलं, बोट चुकलं असेल. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. मग तिसऱ्यांदा, मास्तरांच्या ताटावर. मधल्या सगळ्या दुपारी यंत्र गाईसारखं गरीब. जितेंद्र दोनदा येऊन तारा तपासून गेला. "यंत्र ठणठणीत आहे मावशी. तुम्हीच आकडा विसरता. वयोमान."

वयोमान हा शब्द तिला झोंबला.

शुक्रवारी ॲन्सेल्मला सुटी. तो मास्तरांच्या घरी फोन करायचा आणि मास्तर कुंपणावरून हाक मारायचे. त्या शुक्रवारी त्याचा आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता.

"मावशी, मी रागावलो नाही. पण वाडीतली माणसं मला सांगतात. आणि सारखा खोटा वाजला की खरा वाजेल तेव्हा कोण धावणार? मी एका एजन्सीशी बोललोय. त्यांचा माणूस सकाळ-संध्याकाळ येईल, घर बघेल. आता आणखी एकदा वाजला तर किल्ली त्यांना देऊया. तुलाही या वयात कशाला ताप?"

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला. मास्तरांनी तिचा चेहरा बघून चहा विचारला, तो तिने घेतला नाही.

घरी जाताना तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. तीन तास जातील याचं दुःख होतंच. पण त्याच्याही वर एक किडा डोक्यात वळवळत होता: तीनच दिवस का? बोट तेच, आकडे तेच, दार तेच. मग त्या तीन दिवसांत निराळं काय?

तिने त्या दिवसांची उलटतपासणी सुरू केली. लुगडं कोणतं होतं? तिन्ही दिवशी निराळं. बाजारात काय खपलं? एकदा अळू, एकदा केळी. पाटी कोणत्या काखेत? आठवेना. सुनेने विचारलं, "आई, भाकरी करपतेय, लक्ष कुठाय?" लक्ष जानेवारीत होतं.

उत्तर सापडलं ते सोमवारी, टमटममध्ये. गाडीत ती एकटी बसली होती आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहून "भुईगाव, भुईगाव" ओरडत होता. नऊ माणसं कोंबल्याशिवाय टमटम हलत नाही. रोज त्यात दहा-पंधरा मिनिटं जायची. आणि तिला एकदम आठवलं. त्या तीन दिवशी असं बसावं लागलं नव्हतं! एकदा लग्नाचं वऱ्हाड होतं, एकदा कॉलेजच्या पोरी, आणि एकदा तर तिने पाय आत टाकताच गाडी सुटली होती. तिन्ही दिवशी ती क्रूसनाक्यावर लवकर उतरली होती.

म्हणजे टमटम लवकर भरली की भोंगा वाजतो.

तिने ते मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, "व्हेरोनिका, मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. टमटमचा आणि भोंग्याचा संबंध असतो, असं मला एकाही मुलाने लिहून दिलं नाही."

"मुलांना टमटममध्ये कुठे बसायचं होतं?"

तरी प्रश्न उरलाच. लवकर आलं तर यंत्राला काय त्रास? खात्री करायची तर पुन्हा लवकर येऊन बघायला हवं. आणि पुन्हा वाजला, तर किल्ली गेली. दोन दिवस ती मुद्दाम नाक्यावर रेंगाळली, उशिराने दार उघडलं, भोंगा वाजला नाही, आणि तीनपर्यंत बसूनही तिला चैन पडलं नाही. तोंडाला कुलूप लावता येतं, पण प्रश्नाला कसं लावायचं? तिसऱ्या दिवशी तिने नाक्यावरच्या बूथवरून जितेंद्रला फोन लावला.

"भोंग्याची तार काढून ठेवता येते का रे?"

"येते की."

"मग उद्या ये. साडेअकराला. मी बाजारात जात नाही उद्या."

जितेंद्र आला. बाजार चुकवून बोलावलं म्हणजे प्रकरण गंभीर, हे त्याने ओळखलं होतं. त्याने शिडी लावून तार काढली. मग व्हेरोनिकाबायने घर बंद केलं, यंत्र लावलं, पाटी काखेत घेतली आणि थेट क्रूसनाक्यावर जाऊन उभी राहिली. त्या तीन दिवशी उतरली होती त्या वेळेला ती तिथून रोजच्या चालीने निघाली. पायवाट, विहीर, केळी, ओटा. जितेंद्र दारापाशी हाताची घडी घालून उभा होता. कुंपणापलीकडे मास्तर आधीच जेवून तयार होते.

तिने कुलूप काढलं, दार ढकललं. पी, पी, पी. बोट वरच्या कोपऱ्यात गेलं. मग तिरकं खाली.

आणि चर्चची घंटा झाली. दुपारची, बारा वाजताची.

बोट तिथल्या तिथे थांबलं. पाटी हळूच खाली आली, हात कपाळाला गेला, मग छातीला, खांद्यांना. डोळे मिटले, ओठ हलायला लागले.

"मावशी," जितेंद्र म्हणाला, "पुढचे दोन."

ओठ हलत होते.

"मावशी! पुढचे दोन आकडे! वीस झाले!"

डबी जोरजोरात पी पी करू लागली, मग लाल दिवा फडफडला. तार नसलेला भोंगा छपराखाली मुकाट बसून होता. व्हेरोनिकाबायने आमेन म्हटलं, पुन्हा क्रूस काढला, डोळे उघडले आणि शांतपणे उरलेली दोन बटणं दाबली.

"बघितलंस?" ती विजयाने म्हणाली. "चारही दाबले. तरी लाल!"

जितेंद्रने विचारलं, "आणि मधे?"

"मधे काय?"

"मधे सव्वा मिनिट तुम्ही डोळे मिटून उभ्या होता!"

"ते मागणं होतं. देवदूताचं. बाराची घंटा झाली की म्हणतात ना."

"मग ते सांगायचं नाही का? मी दोनदा विचारलं, दार उघडल्यावर काय काय करता. तुम्ही म्हणालात, दार उघडते, आकडे दाबते."

"अरे, मागणं काय सांगायचं?" तिला खरंच कळेना. "मी श्वास घेते तेही सांगितलं नव्हतं."

मास्तर कुंपणापलीकडे हसत सुटले. मग एकदम थांबले, कारण आजवर बारा वाजता त्यांचाही घास हातातच थांबत आला होता, आणि तोही त्यांनी कधी मोजला नव्हता.

मग सगळं उलगडलं. टमटम रेंगाळली की घंटा तिला वाटेवर गाठायची. लवकर भरली की नेमकी दारात, बोट बटणावर असताना. "अर्धा आकडा दाबून थांबलात की यंत्र तो विसरतं," जितेंद्र म्हणाला. "नंतरचे दोन त्याला चुकीचेच वाटणार. वर तीस सेकंद तर कधीच संपलेले." भोंगा सुरू झाला की तिचं डोकं इतकं सुन्न व्हायचं की आधीचं काहीच आठवायचं नाही. आठवायचं ते एवढंच, की चार आकडे दाबले होते.

जितेंद्रला आता हुरूप आला. "सोपं आहे. मी वेळ वाढवून देतो. तीसऐवजी नव्वद. तुमचं मागणं सावकाश होऊ दे."

"असं करता येतं?" तिने डोळे मोठे केले. "कुठून?"

त्याने बटणं दाबून दाखवलं. तिने मान लांब करून सगळं पाहिलं. मग तिच्या मनात आलं.

"चोराने दार उघडलं तर त्यालाही नव्वदच?"

"हो. यंत्राला काय कळतं कोण आलंय?"

"थांब." ती दारात गेली, तोंडाने देवदूताचं मागणं मोठ्याने म्हणत आत आली, हॉल ओलांडला, सालोमीच्या खोलीत गेली, कपाटाला हात लावला, तशीच फिरली आणि बाहेर ओट्यावर आली. शेवटचं नमो मरिया अजून पुरं व्हायचं होतं.

"नको," ती म्हणाली. "तीसच राहू दे. माझ्या मागण्यात चोराची सोय नको."

जितेंद्रने वेळ पुन्हा तीसवर आणली, तार जोडली, शिडी आवरली. निघताना हळूच म्हणाला, "मावशी, साहेबांना मी सांगतो ना, डबीत पाल शिरली होती. पाली शिरतात. तुमचं नाव कशाला मधे? एजन्सीवाल्यांच्या हातात किल्ली गेली की परत मिळायची नाही."

त्या दुपारी तीन वाजेपर्यंत खिडकीखाली बसून तिने वालाची एकही शेंग सोलली नाही. पाल ही सोयीची होती. पाल काही फोनवर येऊन नाही म्हणणार नव्हती. पण ज्या पालीला यंत्राचा डोळासुद्धा मोजत नाही, तिच्यावर आळ घ्यायचा? आणि उद्या पुन्हा बोंबलला तर दुसरी पाल शोधायची? शिवाय, आपण शोधून काढलं, आणि ते कुणाला सांगायचंच नाही? हे तर तिला सगळ्यांत जड जात होतं.

शुक्रवारी मास्तरांनी हाक मारली. तिने फोन कानाला लावला आणि ॲन्सेल्मने तब्येत विचारायच्या आधीच सांगून टाकलं. टमटम, घंटा, दोन आकडे आधी, दोन नंतर. "यंत्राचा दोष नाही. माझा आहे. जितूला विचार, तो होता."

फोनमधून नुसती घरघर.

"ॲन्सेल्म? आहेस ना?"

"आहे. मावशी, आईचं दूध आठवतं का गो तुला?"

"रोज उतू जायचं ते?"

"रोज. बारा वाजता. चुलीवर दूध, दारात आई डोळे मिटून. पप्पा ओरडायचे, आम्ही हसायचो. ती म्हणायची, दूध उतू जातं, मी काय करू." मग तो म्हणाला, "इथे घंटा होत नाही. मला तर बारा वाजलेले कळतही नाहीत."

ती कामाचं बोलली. "आता लवकर पोचले तर किल्ली कमरेलाच ठेवीन. ओट्यावर उभी राहून मागणं म्हणीन. मग कुलूप."

"आणि विसरलीस तर?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. "विसरले तर वाजेल," ती म्हणाली. "त्यासाठीच लावलायस ना तू तो."

ॲन्सेल्म हसला, मस्कतहून भुईगावपर्यंत ऐकू येईल असा. मग म्हणाला, "एजन्सीला मी नाही सांगतो. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. मास्तरांची माझ्यातर्फे माफी माग. आणि जितेंद्रला बोलव, तुला तुझा वेगळा आकडा करून दे म्हणावं. आता माझाच वापरतेस ना?"

"वेगळा कशाला?" तिला शंका आली. "माझ्यावर नजर ठेवायला?"

"नाही गो. घरच्या प्रत्येक माणसाला आपापला आकडा असतो. सालोमीचा आहे, मुलांचा आहे. तुझा राहिला होता."

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जितेंद्र आला. "चार आकडे सांगा," तो म्हणाला. तिने सांगितले नाहीत. त्याला तोंड फिरवायला लावलं आणि स्वतः दाबले, दोनदा, तो सांगेल तसे. डबी एकदा पी म्हणाली आणि हिरवा दिवा लागला.

मग वाडीत चर्चा सुरू झाली. मास्तर म्हणाले, नवरा गेला ते साल असेल. सून म्हणाली, पहिल्या नातवाची जन्मतारीख. जितेंद्रने पैज लावली की टमटमचा नंबर आहे. व्हेरोनिकाबाय प्रत्येकाचं नीट ऐकून घ्यायची, क्षणभर विचार केल्यासारखं करायची आणि मान हलवायची.

"चूक," ती म्हणायची, आणि किल्ली कमरेला खोचून पुढे चालू लागायची.